अखंड दिव्याचा आलेख

दोन केबी म्हणजे किती, ते आधी सांगून टाकतो, कारण माझी सगळी फजिती त्या दोन केबीतच झाली. रोज सकाळी तुमच्या मोबाइलवर कुणीतरी 'शुभ सकाळ' लिहिलेला गुलाब पाठवतं. त्या गुलाबाची एक पाकळीसुद्धा माझ्या मायक्रोकंट्रोलरच्या मेमरीत धड मावायची नाही. ही एक छोटीशी चिप असते. वॉशिंग मशीनमध्ये असते, रिमोटमध्ये असते, आणि ज्यांना निवृत्तीनंतर करमत नाही अशा माणसांच्या टेबलावर असते. तिला मोजता येतं, मोजलेलं सांगता येतं, पण लक्षात ठेवायला जागा म्हणाल तर दोन केबी. तुम्ही वाचताय तो हा परिच्छेद मराठीत तिच्या पोटात घालायचा म्हटला तर शेवटची वाक्यं बाहेर लोंबकळत राहतील. आणि एवढ्याशा जागेत मी ग्राफ छापत होतो. कॉलनीत मला 'सायंटिस्ट' म्हणतात. कौतुकाने म्हणतात, अशी माझी समजूत होती.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी शीतगृहांची उपकरणं सांभाळायचो. तापमान, ओलावा, त्यांचे ग्राफ, हेच आयुष्य. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यात स्वेच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती माझी. घरी बसल्यावर पहिले काही महिने मी फ्रिजचा ग्राफ काढला, मग गच्चीवरच्या टाकीचा काढला, आणि टाकी दुपारी तापते हा शोध लावला. विमल, माझी बायको, म्हणाली की हे तिला कपडे वाळत घालताना माहीत होतं.

ग्राफ छापायला मी बंद पडलेल्या एका भेळ सेंटरचा बिलाचा प्रिंटर आणला होता. हाताच्या चार बोटांएवढी कागदाची पट्टी त्यातून बाहेर येते. मोठा कॉम्प्युटर आधी अख्खं चित्र मेमरीत काढतो आणि मग छापतो. माझ्या चिपला ती ऐपत नाही. म्हणून मी युक्ती केली. एकदा मोजायचं, एक ओळ छापायची आणि विसरून जायचं. मग पुन्हा मोजायचं, पुढची ओळ छापायची, ती विसरायची. चिपला मागचं काही आठवत नाही, पण कागदावर ओळीखाली ओळ साठत जाते आणि ग्राफ उभा राहतो. ही युक्ती मी विमलला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलायचं आन् विसरायचं. त्याला चिप कशाला लागती? तुम्ही काय वेगळं करता?"

आता दिव्याकडे येतो. आमच्याकडे नवरात्रात घट बसतात. आष्टीला आमचं थोडं शेत आहे, ते चुलतभाऊ भारत बघतो. तिथली माती तो पिशवीत भरून आणून देतो. परडीत ती माती, मातीत सात धान्यं, मधे पाण्याने भरलेला घट, वर रोज एक झेंडूची माळ, आणि शेजारी अखंड दिवा. दिवा नऊ दिवस विझता कामा नये. त्यात तेल घालत राहणं, वातीवरची काजळी झाडणं, वात पुढे सारणं, रात्री-बेरात्री उठून बघणं, हे सगळं विमलचं काम. हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं, मला सांगता येणार नाही. आमच्या लग्नाआधी ते आईचं होतं. विमल आली, आणि कपाटाच्या किल्ल्यांबरोबर तेही तिच्याकडे गेलं.

माझे वडील, अप्पाराव, गेले त्या वर्षी हा दिवा विझला होता. ते घट बसायच्या आधीपासून दवाखान्यात होते. मधल्याच एका माळेला सकाळी दिवा गेलेला दिसला, आणि दिवाळीच्या आत अप्पा गेले. अप्पांच्या किडन्यांनी त्याच्या कितीतरी आधी हात टेकले होते. त्यांना घटाची आणि दिव्याची काही खबर नव्हती. पण घरात या गोष्टी रिपोर्ट वाचून ठरत नाहीत. आई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. माझी थोरली बहीण नंदाक्का, वाटूरला दिलेली, ती मात्र बोलते. विमलला थेट नाही बोलत. भाजी चिरता चिरता हवेला सांगितल्यासारखं म्हणते, "त्या वर्षी दिवा गेल्ता ना." मग विमल काहीतरी आणायला म्हणून उठून जाते आणि बराच वेळ येत नाही.

तेव्हापासून नवरात्रात विमल झोपत नाही. झोपते म्हणायचं, पण दर थोड्या वेळाने उठून देवघरात जाते. यंदा तिचे गुडघे इतके दुखत होते की भिंतीला धरून उठायची. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. आणि मला वाईट वाटलं की मी मशीन करतो.

दिव्याच्या उजेडाचा ग्राफ काढायचा, असं मी ठरवलं. ज्योत कधी मंदावते, एकदा भरलेलं तेल किती वेळ पुरतं, हे एकदा कागदावर आलं की विमलला उगाच उठावं लागणार नाही. एक उजेड मोजणारा छोटा सेन्सर घेतला. ट्यूबलाइटचा उजेड त्याला दिसू नये म्हणून स्केचपेनच्या टोपणात बसवला आणि टोपणाचं तोंड ज्योतीकडे केलं. लाइट गेली तरी बंद पडू नये म्हणून बॅटरी जोडली. ज्योत नीट असेल तर काळी रेघ लांब, मंदावली तर आखूड, विझली तर कागद कोरा. इथवर सगळं शहाण्या माणसासारखं झालं होतं.

पण देवीचं काम. नुसत्या रेघा कशा छापायच्या? मी पट्टीच्या डोक्यावर '॥ श्री जगदंबा प्रसन्न ॥' घातलं. त्या प्रिंटरला मराठी अक्षरं येत नाहीत, त्यामुळे एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काढावं लागलं. त्याखाली एक कमळ काढलं. कमळ आल्यावर दोन्ही बाजूंना वेलबुट्टी नसेल तर ते ओकंबोकं दिसतं, म्हणून वेलबुट्टी. आणि सगळ्यांत खाली, 'संकल्पना व निर्मिती : भालचंद्र अप्पाराव'. लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात आणि आपले नम्र मात्र ठळक असतात, तसा तो कागद झाला. शिवाय प्रिंटर चालू केला की त्याच्या स्वतःच्या पोटात भरून ठेवलेलं भेळ सेंटरचं नाव आधी छापलं जायचं. ते काही केल्या पुसता आलं नाही. म्हणून देवीच्या ग्राफवर पहिला मान भेळेचा.

मशीन देवघरात मांडलं तेव्हा विमलने एकच प्रश्न विचारला. "दिवा गेला तर हे ओरडतं का?"

मी म्हणालो, बजर बसवता आला असता, पण मेमरीत जागा उरली नाही.

"मंग जागा कशात गेली?"

मी तिला कमळ दाखवलं. तिने ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान आहे." मला ते कौतुक वाटलं. बजरला लागते चिमूटभर जागा. ती चिमूटसुद्धा मी पाकळ्यांमध्ये घालून बसलो होतो. पार्थ, आमचा मुलगा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो फोनवर म्हणाला, "बाबा, कमळ काढून टाका, बजर घाला." मी त्याला सौंदर्यदृष्टी या विषयावर चार शब्द सुनावले. नेटवर्क गेलं असं सांगून त्याने फोन ठेवला.

घट बसले. मशीन किरकिर करत ओळी छापू लागलं आणि पट्टी खाली ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात गुंडाळी होऊन पडू लागली. बायका दर्शनाला यायच्या, ओटी भरायच्या, आणि निघता निघता माझ्या तावडीत सापडायच्या. काळं म्हणजे उजेड, कोरं म्हणजे अंधार, हे मी कॉलनीतल्या प्रत्येक बाईला शिकवलं. सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी निघाली आमची आई. उषाबाई, वय ऐंशीच्या पुढे, टीव्हीवरचं काही दिसत नाही, पण काळी रेघ बराबर दिसायची. रोज सकाळी ती ताज्या पट्टीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "हितं जरा कमी झालाय, तेल घातलं नव्हतं का?" विमल सांगायची की काजळी आली होती, लगेच झाडली. आता विमलला रात्रीचं जागरण होतंच, वर सकाळी त्याचा जबाबही द्यावा लागत होता. हे मला त्या वेळी दिसलं नाही. आई यंत्राशी कशी जुळवून घेते आहे, याचंच मला अप्रूप होतं.

सातव्या माळेच्या दुपारी मी पलीकडच्या खोलीत लॅपटॉपवर बसलो होतो. कमळाला सात पाकळ्या होत्या, मला आठ हव्या होत्या. त्यासाठी इकडची तिकडची जागा वाचवणं चाललं होतं. कुठे एक आकडा लहान कर, कुठे एक शब्द तोड. जेवणं झाली होती, आई आडवी झाली होती, घर शांत होतं. देवघरातून किरकिर ऐकू येत होती, म्हणजे सगळं ठीक. कोरी ओळ सरकताना त्या प्रिंटरचा आवाज जरा कमी येतो. तो कमी झालेला मी ऐकला नाही. संध्याकाळी आठवी पाकळी मावली आणि मी खुशीत चहा मागितला. विमलने तो करून दिला. कप ठेवून ती लगेच देवघरात परत गेली हे आत्ता लिहिताना आठवतंय, तेव्हा मी पाकळीबद्दल बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. नंदाक्का सकाळच्या एसटीने वाटूरहून आली. येताना तिने ओटीचं सामान आणि बाजारातले पेढे आणले. शेजारच्या दोघी बायका आधीच बसलेल्या होत्या. पुरण शिजत होतं, आणि या गडबडीत ताजी पट्टी आईने अजून बघितली नव्हती. विमल स्वयंपाकघरात होती, आई भिंतीला टेकून पाटावर. नंदाक्काने देवीला नमस्कार केला, दिव्याकडे बघितलं आणि मग मशीनकडे बघून विचारलं, "हे काय बसवलं रे देवाजवळ?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मला कुणी विचारलं की माझ्या अंगात येतं. मी डबा उचलला, गुंडाळी बाहेर काढली, पट्टीचं वरचं टोक नंदाक्काच्या हातात दिलं आणि मागे मागे सरकत पट्टी उलगडू लागलो. देवघरातून बैठकीत, बैठकीतून सोफ्याच्या कडेने. आधी सगळे गुण सांगून घेतले. हे भेळ सेंटर, त्याच्याकडे दुर्लक्ष कर. ही बॅटरी, लाइट गेली तरी मशीन थांबत नाही. हे टोपण, दुसरा उजेड आत जाऊच शकत नाही. एक ओळसुद्धा चुकायची नाही, अक्का, कंपनीत मी असल्या यंत्रांत हयात घालवली आहे. काळं म्हणजे दिवा आहे. कोरं म्हणजे दिवा नाही. आता बघ, ही पहिली माळ, ही दुसरी, ही तिसरी. ज्योत कशी एकसारखी आहे. पाचवी. सहावी. आणि ही...

माझं बोट कोऱ्या कागदावर होतं. मोठी जागा नव्हती, चांगली दोन बोटं भरेल एवढीच. वर काळं, खाली काळं, आणि मधे काही नाही.

"हे पांढरं काय?" नंदाक्काने विचारलं.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. विमल तिथे ताट घेऊन उभी होती. तिचा चेहरा बघून मला सगळं कळलं. अप्पा गेले त्या सकाळी असाच चेहरा होता. मला इतकी भीती वाटली की हातातली पट्टी खाली टाकून बाहेर निघून जावंसं वाटलं. अप्पांच्या वर्षीची गोष्ट ती इतकी वर्षं अंगावर वागवत होती, आणि आता त्यावर दुसरी मी तिच्या अंगावर छापून आणली होती, वर कमळ काढून, खाली स्वतःचं नाव घालून.

मी तोंडाला येईल ते बोलू लागलो. लाइट गेली असेल म्हणायला गेलो, तर बॅटरीचं कौतुक करून झालं होतं. टोपण हललं असेल म्हणायला गेलो, तर त्याचंही झालं होतं. एकेक दार मी आपल्या हाताने आधीच बंद करून ठेवलं होतं. शेवटी एकच वाट उरली.

"मशीनच भंगार आहे, अक्का," मी म्हणालो. "चिपला मेमरीच न्हाई. दोन केबीत काय होतंय? मधेच विसरून जाती, झोप लागल्यासारखं करती."

झोप हा शब्द बाहेर पडल्यावर मला जीभ चावावीशी वाटली. पण थांबायची सोय नव्हती. मी म्हणालो की प्रिंटर टाकाऊ आहे, सेन्सर खेळण्यातला आहे, आणि मला या विषयातलं फारसं काही कळत नाही, कंपनीने मला उगाच नाही काढलं. हे शेवटचं मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो.

माझी अपेक्षा होती की कुणीतरी, निदान उपचार म्हणून, 'असं कसं' म्हणेल. कुणी म्हटलं नाही. नंदाक्काचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिला माझ्या मशीनपेक्षा माझ्या नालायकीवर जास्त विश्वास होता. तिने शेजारणींना सांगितलं की भालूने आमच्या विहिरीच्या मोटारीला टायमर बसवला होता, तेव्हा विहीर कोरडी झाली आणि मोटार जळाली. एका शेजारणीला आठवलं की मी तिच्या दाराची बेल दुरुस्त करून दिली होती आणि ती पाऊस आला की आपोआप वाजते. दुसरीच्या घरीही माझं काहीतरी होतंच. सगळ्या कशा मनापासून बोलत होत्या. मी मान डोलावत होतो, हो हो म्हणत होतो, आणि आतून बरंही वाटत होतं, कारण त्या कोऱ्या जागेकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. मी पट्टी गुंडाळायला लागलो.

विमलने ताट खाली ठेवलं. ती बैठकीत आली आणि माझ्या हातातली पट्टी घेतली.

"मशीन बराबर आहे, अक्का," ती म्हणाली. "दिवा गेल्ता. काल दुपारी. मी तिथंच बसल्या बसल्या झोपले. जाग आली तवा विझलेला होता. मी परत लावला आन् कुणाला बोलले न्हाई." मग ती म्हणाली, "आन् मला लई छान झोप लागली होती."

स्वयंपाकघरात पुरण खाली लागत असल्याचा वास येत होता आणि कुणी उठत नव्हतं. आई पाटावर सरळ बसली होती. ती विमलकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"भालचंद्र, काल दुपारी तू कुठं होतास?"

"घरीच. पलीकडच्या खोलीत."

"काय करून राह्यला होतास?"

खोटं बोलायची माझी ताकद मघाच संपली होती. "कमळ," मी म्हणालो. "कमळाची पाकळी बसवत होतो. आठवी."

कुणी हसलं असतं तर फार बरं झालं असतं. आईने नंदाक्काला जवळ बसायला सांगितलं आणि बोलली ते तिच्याशीच बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तुझ्या अप्पांच्या वर्षी ही दिवसभर दवाखान्यात राह्यची आन् रात्री येऊन दिव्याजवळ बसायची. जेवली का, कुणी विचारलं न्हाई. तवाबी हा पलीकडच्याच खोलीत झोपला व्हता. मला दिसत व्हतं. मी काही बोलले न्हाई. आन् तू बोलायचीस, नंदे, तवा तुलाबी गप केलं न्हाई. माझं चुकलं ते."

नंदाक्काने पदर तोंडाला लावला. विमल तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मला काहीतरी म्हणायचं होतं. जे सुचलं ते इतकं निरुपयोगी होतं की इथे लिहीत नाही.

"देवीला काय सांगायचं ते मी बघते," आई म्हणाली. "घट उठेस्तोवर दिवा ह्याच्याकडं. विमल, तेलाचं भांडं दे त्याला. आन् तू जाऊन झोप. पुरण नंदा बघल."

"मी?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मला कुठं येतं ते?"

हे मी बोललो. ज्याने दिव्याच्या ज्योतीचा आठवडाभराचा ग्राफ काढला होता, त्याने. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरून एक शेळी धरायला सांगावी, तशी माझी गत झाली.

विमलने तेलाचं भांडं आणि वात सारायची काडी माझ्या हातात दिली. "तेल कमी झालं की घालायचं, काजळी आली की झाडायची, वात पुढं घ्यायची," ती म्हणाली. "आन् बघत राह्यचं. छापायचं न्हाई." मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. भर दुपारी, घरात पाहुणे असताना, अष्टमीच्या दिवशी.

शेजारणी नमस्कार करून गेल्या. नंदाक्का स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांड्यांचा आवाज होणार नाही अशा बेताने काम सुरू केलं, जे तिच्या स्वभावात नाही. आई पाटावर बसल्या बसल्या डुलकी घेऊ लागली. मी देवघरात पाटावर बसलो. मशीन शेजारी किरकिर करत ओळ छापत होतं. विमलला जाग येईल म्हणून मी ते बंद केलं.

आणि बघत राहिलो. ज्योतीकडे नुसतं बघत राहणं किती अवघड आहे, मला कल्पना नव्हती. सुरुवातीला डोळे दुखले, मग पाय, मग कंबर. मधेच माझं मन निसटून बजरला जागा कशी करता येईल याचा हिशेब करू लागलं, आणि शुद्धीवर आलो तर वातीच्या टोकाला काजळीचा गोळा धरलेला होता आणि ज्योत बुटकी झाली होती. हाक मारायला कुणी नव्हतं. म्हणजे होत्या, तिघी होत्या, पण कुणाला हाक मारायची माझी हिंमत नव्हती. मी काडी घेतली आणि हात पुढे केला. काजळी झाडायला गेलो तर ती वातीसकट खाली आली, ज्योत तेलाला टेकली, निळी झाली, आणि आता ती जाणार अशी मला भीती वाटली. खरोखरची भीती, लहान मुलाला वाटते तशी. मी श्वास धरून वात इवलीशी वर ओढली. ज्योत थोडी थरथरली आणि मग हळूहळू उभी राहिली.

घाम पुसला, तेल घातलं, थोडं पाटावरही सांडलं. ही भीती विमलला किती नवरात्रं, किती वेळा वाटली असेल, आणि तेव्हा मी कुठे असेन, हे मोजायला माझ्याकडे कुठलंही यंत्र नव्हतं. मला रडू आलं. आई झोपलेली आहे हे बघून मी थोडं रडून घेतलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज आला. आधी मला वाटलं, मशीन पुन्हा चालू झालं की काय. हात लावून बघितलं तर ते बंद होतं. मी कान दिला. विमल घोरत होती. अगदी मोकळेपणाने, लयीत, दम घेत घेत. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि माझी बायको घोरते हे मला माहीत नव्हतं. माझ्या आधी ती कधी झोपलीच नव्हती.